बाबांचा जावई

बाबा त्याला जावई म्हणायचे. पानांवर राहणाऱ्या गुलाबी जिवाणूतून काढलेलं विकर, म्हणजे एन्झाइम. पानं मिथेनॉल सोडतात, माणसाला आंधळं करणारं विष. जिवाणू त्यावरच जगतो आणि ते पचवायचं काम हे विकर करतं. पण नखरे किती! थंडी हवी, अमोनिया हवा, चिमूटभर कॅल्शियम हवं. जरा कमी पडलं की रुसलं. "घरी नाही तर नाही," लेकीकडे बघत बाबा म्हणायचे, "इथे तरी जावयाचा मानपान करू दे!"

शेवटची खेप त्यांनी आजारपणात, थरथरत्या हातांनी काढली. ती वाया गेली असंच सगळे धरून चालले. "तपासल्याशिवाय टाकू नका," एवढंच ते दवाखान्यात म्हणाले. मग ते गेले, आणि आता प्रयोगशाळेच्या नव्या प्रमुख बाईंना फ्रीजर आजच रिकामा हवा होता.

त्या खेपेच्या कुपीत एका तपासणीपुरतंच विकर उरलं होतं.

"मी करू?" बाबांच्या शेजारच्या टेबलावर जन्म काढलेल्या काकांनी विचारलं.

"नको काका, मीच करते." शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या लेकीने बाबांचा कोट चढवला. बाह्या दुमडाव्या लागल्या.

विकर जिवंत असेल तर ते मिथेनॉल पचवतं आणि निळा रंग उडतो. मेलं असेल तर निळा तसाच राहतो. तिने नळीत अमोनिया घातला, निळा रंग घातला आणि श्वास रोखून विकर सोडलं.

निळा फिकटायला लागला.

"काका, बघा! उडतोय!"

काका टेबलाकडे बघत होते. "पोरी, मिथेनॉल घातलंस कधी?"

बाटलीचं बूच जागच्या जागी होतं. "मग हा रंग कशाने जातोय?"

"ही त्याची जुनी खोड. काही दिलं नाही तरी थोडा वेळ चालतं. आत आधीचं काहीतरी धरून बसलेलं असतं. काय, ते आम्हाला कधी धड सापडलं नाही. तुझ्या बापाने त्यापायी डोकं फोडून घेतलं. पण त्यावरून काही ठरत नाही गं. नुसत्या मळानेही उडतो रंग."

रंग अर्ध्यावर थांबला, बाबांच्या धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखा.

"राहू दे असंच," काका हळूच म्हणाले. "नाही कळलं तर नाही कळलं."

"तपासा म्हणाले होते." तिने बूच काढलं. एक थेंब.

उरलेला निळा भराभर उतरला. नळीत पाण्यासारखं पाणी राहिलं.

"चांगलं काढलं होतंस रे," काका बाबांच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले. "एकदम चांगलं."

दवाखान्यात त्यांना हे म्हणाला असतात तर, असं तिच्या जिभेवर आलं. पण काकांची हनुवटी थरथरत होती. तिने ते गिळलं.

"डोळे पूस. अमोनिया फार झोंबतो," ते म्हणाले. "नळी धुवायला टाकू?"

"थांबा थोडं."

कुपी रिकामी होती. नळीत आता बघण्यासारखं काही नव्हतं. ती बघत राहिली.