करार मोडणार म्हणणारी बाई

मला माझी नणंद आवडत नाही असं नाही. घरी आली, ओट्याला टेकून चहा प्यायली, भावाची यथेच्छ टिंगल केली, की तिच्यासारखं माणूस नाही. पण तीच टीव्हीवर काचेच्या टेबलामागे बसली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

का होऊ नये, सांगा. मी अर्थशास्त्राची प्राध्यापक. चलन, आयात शुल्क, देशांची कर्जं यात जन्म घालवला. वर्तमानपत्रात सदर चालवलं, आणि वाहिनीवर संध्याकाळच्या चर्चेला जायला लागले तेव्हा माझे केस काळे होते. नणंद शाळेत भूगोल शिकवायची. कुठल्याशा सामुद्रधुनीत मोठं जहाज अडकलं होतं तेव्हा माझ्याच ओळखीनं एकदा चर्चेला आली. बोलता बोलता उठली, फळ्यावर नकाशा काढला आणि म्हणाली, "हे बघा, ही बाटलीची मान. आणि इथे बूच बसलंय." झालं. त्या दिवसापासून ती 'नकाशाताई'. माझ्या दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात हत्यार घालून मला विचारलं, "नकाशाताई तुमच्या कोण लागतात हो?" तोंड वासलेल्या माणसानं यावर काय बोलावं?

नवऱ्याचं तर विचारूच नका. मी चर्चेत असले की हा वर्तमानपत्रातून एक डोळा वर काढतो. बहीण असली की टीव्हीचा आवाज वाढवतो. "किती सोपं करून सांगते," म्हणतो. तिला सोपं तेवढंच येतं, म्हणून सोपं सांगते, हे अगदी ओठांवर आलेलं मी कितीदा तरी गिळलं आहे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

तर त्या सुमारास दोन बड्या देशांची बोलणी व्हायची होती. वर्षभर दोघं एकमेकांच्या मालावर शुल्क चढवत बसले होते आणि आता करार होतो की फिसकटतो याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. त्यातच संपादकांनी ठरवलं की यापुढे चर्चेत रोज एकच कायमचा तज्ज्ञ राहील. उमेदवार आम्ही दोघी. बोलण्यांच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला समोरासमोर बसवायचं आणि ज्या बाईचं म्हणणं लोकांना पटेल तिला खुर्ची द्यायची, असा बेत होता. मला ती खुर्ची हवी होती. माझ्या हक्काची होती ती.

आणि नेमकी तेव्हा नणंद घरी आली. "वहिनी, खरं सांगा, तुम्हाला काय वाटतं? मला नद्या-डोंगर विचारा, या शुल्काबिल्कातलं ओ की ठो कळत नाही."

गप्प बसायला काय झालं होतं मला? पण विद्यार्थ्यानं प्रश्न विचारला की मास्तरणीला राहवत नाही. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. "करार होणार. दोघांचेही कारखाने बंद पडायला आलेत. राग खाऊन पोट भरत नाही, हे त्यांनाही कळतं. चार दिवस रुसतील आणि सही करतील." मला मनापासून तसंच वाटत होतं.

तिनं ऐकता ऐकता टेबलावर बोटानं रेघा ओढल्या. मग म्हणाली, "मी हेच म्हटलं तर चालेल तुम्हाला?"

"म्हण की," मी म्हणाले. दोघी एकच म्हणू, पण मी ते जास्त चांगलं म्हणेन, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाहिनीवरून फोन आला. चर्चेला माणसं जमवायचं काम एक बाई करते, तिचा. "मॅडम, ताई म्हणतात करार होणार. तुमचं काय?"

आता हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. चर्चेला दोन बाजू लागतात. ज्याला पहिला फोन जातो त्याला मत असतं, दुसऱ्याला उरलेली बाजू घ्यावी लागते. नाही घेतली तर तिसऱ्याला फोन जातो. वर्षानुवर्षं पहिला फोन मला यायचा. नणंदेला मात्र नकाशा काढल्यापासून पहिलाच येत होता, त्यामुळे बाजू अशा वाटल्या जातात हे तिच्या गावीही नव्हतं.

"मॅडम? तुम्हीपण होणारच म्हणत असाल तर मी माजी राजदूतांना विचारते."

"होणार नाही," मी म्हणाले.

संध्याकाळी नणंद आधी बोलली. माझं वाक्य न् वाक्य बोलली. राग खाऊन पोट भरत नाही, हेसुद्धा. आणि मेलं ते तिच्या तोंडी माझ्यापेक्षा छान वाटलं. निवेदक खुशीत मान डोलावत होता. तिनं माझं नाव घेतलं नाही. मी वाट बघत होते, पण नाही घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताईंना नकाशे कळतात," मी म्हणाले, "माणसं कळत नाहीत. नवरा मेला तरी चालेल, पण सवत विधवा झाली पाहिजे, ही म्हण उगाच नाही पडली. हे दोन देशही त्यातलेच. आपले कारखाने बुडाले तरी चालतील, समोरच्याचे आधी बुडाले पाहिजेत. असली माणसं सह्या करत नसतात. उठून जातात."

एवढ्या खात्रीनं मी जन्मात कधी बोलले नव्हते. नणंद तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिली. निवेदकानं तिला उत्तर द्यायला सांगितलं तर म्हणाली, "वहिनी म्हणतात तर असेल तसं."

पुढे जे केलं तेही सांगते, लाजायचं काय त्यात. करार मोडावा म्हणून मी देव पाण्यात घातले. दोन देशांतल्या माणसांच्या नोकऱ्या जाणार, महागाई आपल्याही दारात येणार, हे माझ्याइतकं कोणाला कळत होतं? तरी घातले.

आणि मोडला. मसुद्यात कोणाच्या देशाचं नाव आधी लिहायचं यावरून एक जण खरोखर उठून गेला. माझी म्हण ज्याच्यात्याच्या फोनवर पोचली. खुर्ची मला मिळाली. दाताचे डॉक्टर आता मलाच विचारतात की सोनं घेऊ का थांबू. नणंदेच्या त्या "राग खाऊन पोट भरत नाही"ची लोकांनी इतकी चेष्टा केली की वाहिनीनं तिला बोलावणंच बंद केलं.

बऱ्याच दिवसांनी ती घरी आली. चहा घेतला, पण ओट्याला टेकली नाही, खुर्चीत बसली. नवरा शेजारी वर्तमानपत्र वाचत होता.

"त्या दिवशी शेवटी तुमचं नाव घेणार होते," ती म्हणाली. "हे सगळं वहिनींनी शिकवलं म्हणून. पण तुम्ही उलटच बोलायला लागलात." मग कप खाली ठेवला. "वहिनी, एकच सांगा. तुम्हाला माहीत होतं ना मोडणार ते? मग मला होणार म्हणून का सांगितलंत?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

खरं सांगणं सोपं होतं. बाई गं, मी तुला फसवलं नाही, मला जे वाटत होतं तेच सांगितलं. टीव्हीवर बोलले ती उरलेली बाजू होती, आणि लागला तो मटका होता. ऐकून ती हसली असती, माझ्या गळ्यात पडली असती. पण मग तिला कळलं असतं की मला काहीच माहीत नव्हतं. तिला, आणि नवऱ्याला. पुन्हा टीव्हीचा आवाज कोणासाठी वाढला असता, हे मला न सांगता कळत होतं.

नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. पहिल्यांदाच दोन्ही डोळे माझ्याकडे होते.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं."

नणंदेनं मान हलवली. कप विसळून पालथा घातला आणि चपला घातल्या. नवरा तिला सोडायला म्हणून गेला तो तिच्याकडेच जेवायला थांबला.

संध्याकाळी फोन आला. हल्ली पहिला मलाच येतो. "मॅडम, दोघं परत बोलणी करतायत म्हणे. आपण मोडणारच धरायचं ना? लोकांना तुमच्याकडून तेच हवंय."

"मोडणारच," मी म्हणाले.

यावेळी करार होईल असं मला अगदी आतून वाटत होतं. कारणंही तयार होती, एकाखाली एक. पण ती ऐकायला घरात कोणी नव्हतं.