मोजलेला श्वास

"हळू फुंका, आई. विस्तव फुलवायचा नाहीये," सून म्हणाली, आणि डॉक्टरीणबाई हसू दाबत यंत्राकडे बघायला लागल्या.

मालकीणबाईंना हळू फुंकायची सवय नव्हती. नवरा गेल्यापासून पिठाची गिरणी त्यांनी एकटीने चालवली होती, पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून. बऱ्याच खटपटीनंतर त्यांचा श्वास यंत्राला एकदाचा पसंत पडला.

महिनाभर गिरणीत पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मागच्या वेळी बजावलं होतं. तेव्हापासून गिरणी सून बघत होती. पण ती दुपारी जेवायला घरी आली की मालकीणबाई मागच्या दाराने आत शिरायच्या आणि दळण घालायच्या. आज निघताना त्यांनी डोक्यावरून दोनदा पाणी घेतलं, नखं घासली, कोरे कपडे चढवले. यंत्राला पिठाचा वास येणार कुठून?

आकडा आला. मागच्यापेक्षा वाढलेला.

हे यंत्र पीठ हुंगत नाही, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. रोगाशी लढणाऱ्या पेशी पिठालाच शत्रू समजून बसल्यात. पीठ आत गेलं की त्या छातीतल्या नळ्यांत गोळा होतात, नळ्या सुजतात, आणि तिथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त तयार होतो. तोच श्वासात मोजला.

"म्हणजे माझेच राखणदार माझ्यावर उठलेत," मालकीणबाई म्हणाल्या. "खायला कोण घालतं त्यांना?"

तुम्हाला गिरणी आता कायमची बंद, नाहीतर एक दिवस श्वास अडकेल तो सुटायचा नाही, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, गिरणीत गेला होतात का?

सून खिडकीकडे बघत म्हणाली, "मीच कपडे न झटकता घरी येते."

जेवून परतल्यावर तिला रोज गिरणीचे दगड कोमट लागत असणार; म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तिने सासूची बाजू घेतली ती ही पहिलीच, आणि तीही खोटं बोलून. यावर राग यायला हवा होता की बरं वाटायला हवं होतं? मालकीणबाईंना काहीच वाटलं नाही.

"तिचं ऐकू नका. मी जात होते."

घरी येताना त्यांनी मागच्या दाराची किल्ली सुनेच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी गिरणीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्यांची खुर्ची लागली. थोड्या वेळाने सून तळहातावर चिमूटभर पीठ घेऊन आली आणि हातभर लांबच उभी राहिली. मालकीणबाईंनी तोंड फिरवलं, श्वास रोखला, आणि हात लांब करून पीठ बोटांत चोळलं.

"जाडं येतंय. दगड जरा घट्ट कस."

सून आत गेली. गिरणीचा सूर बदलला. मालकीणबाईंनी ती पांढरी बोटं तशीच लांब धरून ठेवली. पुसली नाहीत.