आतून कडी

आमच्या घरात एकच दार असं होतं, जे मी लावलं तर कुणी ढकलत नसे. बाथरूमचं. पत्र्याचं दार, खालून गंजून करवतीसारखं झालेलं, आणि आतून पितळेची कडी. ती बसवायला दार खांद्यानं जरा रेटावं लागे. बाकी सगळी दारं नावाला. मी पडलेली असो, कपडे बदलत असो, कुणीतरी आत येणार आणि विचारणार, "कात्री कुठेय?"

धाकटी बहीण गेल्यापासून मी त्या बाथरूममध्ये रोज अर्धा तास रडत असे. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नळ पूर्ण सोडायचा आणि खाली रिकामी बादली ठेवायची. रिकाम्या बादलीत पाणी पडताना एवढा आवाज होतो की माणसानं हंबरडा फोडला तरी बाहेर कळत नाही. बादली भरत आली की आवाज बसतो. मग ती ओतून द्यायची आणि पुन्हा नळाखाली लावायची. पाणी वाया जायचं, हो. जाऊ दे.

बाहेर रडायची सोय नव्हती. पहिला महिना सगळ्यांनी समजून घेतलं. दुसऱ्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, रडून का माणूस परत येतं? येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर बरं नाही दिसत." नवरा तर माझे डोळे भरले की टीव्हीचा आवाज वाढवायचा. तसा वाईट नाही हो तो. त्याला गळका नळ बघवत नाही, तसं रडणारं माणूसही बघवत नाही.

आणि मला तर रडायचं होतं. धाकटीचा शेवटचा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते. ती म्हणाली, "ताई, जरा बोलायचं होतं." मी म्हणाले, "नंतर करते गं." दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला, ती गेल्याचा. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बादलीला तेवढं माहीत होतं.

एक दिवस जेवताना नवरा म्हणाला, "तुला बाथरूममध्ये बरं वाटतं ना गं?"

मी पटकन पुढचा घास तोंडात घातला.

"आम्ही बघतो ना. अर्धा अर्धा तास पाणी सोडून बसतेस. बाहेर आलीस की चेहरा कसा धुतल्यासारखा असतो."

"तिला आंघोळीची हौस पहिल्यापासूनच," सासूबाई म्हणाल्या.

"तर मी ठरवलंय," नवरा म्हणाला, "तुझ्या पन्नाशीला तुला फर्स्ट क्लास बाथरूम करून द्यायचं. हॉटेलसारखं. टब, शॉवर, सगळं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडात घास होता. तो गिळला आणि त्याच्याबरोबर बोलणंही गिळलं. त्याचा चेहरा एवढा फुलला होता की माझ्या जिभेला कुलूपच लागलं. यात माझीही चूक आहे, मान्य. पण पंचवीस वर्षं एका घरात राहून माणसाला हौस आणि रडणं यांतला फरक कळू नये, ही चूक माझी नाही.

मग डिझायनर बाई आल्या. बोलणं मधात घोळलेलं. "मॅडम, हे बाथरूम नाही, ही तुमची विसाव्याची जागा. इथे तुम्ही रोज स्वतःला भेटणार." मी रोज भेटत होतेच, पण ते सांगून काय उपयोग. बाथरूम माझं, म्हणून चर्चा बाकीच्यांनी केली. सासूबाईंना कमोडची सीट गरम होणारी हवी होती. नवऱ्याला छतात स्पीकर हवा होता. टबचं तोंड खिडकीकडे की भिंतीकडे यावर मायलेकांची अशी जुंपली, की जणू दोघंही आत एकदम बसणार होते.

शेवटी बाईंना माझी आठवण झाली. "मॅडम, तुम्हाला काय हवंय?"

"आतून कडी," मी म्हणाले.

बाई गोड हसल्या. "कडी? अहो, आपण दुधी काचेचं सरकतं दार करतोय. एका बोटानं सरकतं. बंदिस्त वाटलं की मनावर ताण येतो, मॅडम."

"आणि या वयात कडी कशाला?" नवरा म्हणाला. "आत पाय घसरून पडलीस तर आम्ही काय दार फोडत बसायचं?"

काळजीच ती. काळजीपुढे काय बोलणार?

दोन महिने काम चाललं. आम्ही सगळे शेजारी आंघोळीला जायचो. लोकांच्या बाथरूममध्ये किती वेळ बसणार? दोन महिने मी रडले नाही. मिस्त्रीला चहा देत राहायचे. त्या मिस्त्रीलाच एकदा हळूच विचारलं, "दाराला काही करून कडी बसेल का हो?"

"काचेला कुठं ठोकू, ताई? तडकेल ना," तो म्हणाला. पण जुनं दार भंगारात घालण्याआधी त्यानं स्क्रू काढून ती पितळेची कडी माझ्या हातात आणून दिली. कशाला, विचारलं नाही त्यानं. मी ती कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवली.

काम संपलं त्या दिवशी डिझायनर बाईंनी नवा नळ सोडून दाखवला. मी मागे, दाराशी, आवाजाची वाट बघत उभी राहिले.

"पाणी कधी येणार?" मी विचारलं.

"आलंय की! हात धरा ना. यात हवा मिसळलेली असते, म्हणून आवाज नाही. अगदी शांत."

मी मागे जाऊन जुनी बादली घेऊन आले आणि नळाखाली ठेवली. बाईंनी असं बघितलं, जणू मी आत म्हैस आणून बांधली. पाणी बादलीत पडलं, पण आवाज नाही. पुसून घेतल्यासारखं, गुपचूप. मी तिथेच भिंतीला टेकले.

"बघा, बोलतीच बंद झाली तिची!" नवरा म्हणाला आणि मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली.

मग महिनाभर नातेवाईक बघायला येत होते. सगळ्यांनी नळाखाली हात धरून बघितला. सासूबाई गरम सीटवर पेपर वाचायला लागल्या. नवरा टबमध्ये पडून फोनवरून छतातल्या स्पीकरमध्ये कधी पाखरं लावायचा, कधी समुद्राच्या लाटा. माझ्या फोनवर ते चालत नाही, फोन जुना आहे. आणि आतला दिवा माणूस हललं तरच चालू राहतो. स्वस्थ बसलं की जातो. विसाव्याची जागा, आणि बसायचं ते हात हलवत!

धाकटीला जाऊन वर्ष झालं तो रविवार होता. भर दुपार. सासूबाई झोपल्या होत्या, नवरा बाहेर मॅच बघत होता. मी आत गेले, दार सरकवून घेतलं, टबाच्या काठावर बसले आणि टॉवेल तोंडात कोंबला. ठरवलं होतं, आवाज न करता रडायचं. पण "ताई, जरा बोलायचं होतं" हे तिच्या आवाजात कानात आलं आणि टॉवेल निसटला. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. एवढं मोठ्यानं की मला माझीच भीती वाटली.

बाहेर टीव्ही बंद झाला.

पावलं आली. दुधी काचेवर त्याची आकृती उभी राहिली. निळा शर्ट, खाली पाय. मी तोंडावर हात दाबला, पण आता काही थांबत नव्हतं. आणि काय सांगू, इतके दिवस कडी मागणारी मी मनातल्या मनात ओरडत होते, सरकव ते दार. ये आत. काहीही विचार. कात्री कुठेय विचार, पण आत ये.

तो तिथेच उभा होता. त्यानं मान खाली घातली. हातातल्या फोनचा उजेड काचेवर पडला.

छतातून लाटा सुरू झाल्या. आधी हळू, मग मोठ्यानं, मग एवढ्या मोठ्यानं की माझं रडणं मलाच ऐकू येईना. काचेवरची आकृती निघून गेली.

दाराला कडी नव्हती. मला ते माहीत होतं, आणि त्यालाही.