दौलतआबांची घाटातली बस

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. टेबलाखाली असतो ना, ज्याला घरोघरी सीपीयू म्हणतात, तोच. खरे तर सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आणि तो माझ्या पोटात बसतो, बिस्किटाएवढा. पण चाळीत एकदा नाव पडले की पडले. मी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही, तेवढाच मान मोठा मिळतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, काळा रंग मारला, पुढे बटण बसवले, झालो तयार. लॅमिंग्टन रोडच्या दुकानातून निलेशने मला टॅक्सीत मांडीवर घेऊन भोईवाड्याला आणले. त्याच्या बायकोने, सीमाने, मला हळदकुंकू लावले आणि धूळ बसू नये म्हणून अंगावर फुलाफुलांचे कापड घातले. त्या कापडात माझा जीव गुदमरायचा, पण प्रेमाला नाही कसे म्हणणार? दर दसऱ्याला माझी पूजा व्हायची. अक्षता जाळीतून थेट पंख्यात जायच्या आणि पुढे कितीतरी दिवस माझे पोट खुळखुळत राहायचे.

मी खूप राबलो. निलेशची ऑफिसची कामे, त्याची मुलगी सलोनी हिचे शाळेचे प्रोजेक्ट, शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिका, सगळे माझ्यावरच. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला आणि मला कोणी विचारेना. माझ्या डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा राहू लागला. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू.

माझे दिवस पालटले ते दौलतआबांमुळे. आबा म्हणजे निलेशचे वडील, बसचे निवृत्त ड्रायव्हर. गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला सक्त मनाई केली. आबा दिवसभर गॅलरीत बसून खालच्या ड्रायव्हरांच्या चुका काढायचे. ते बघून नातीला राहवेना. सलोनीने पहिल्या पगारातून एक स्टिअरिंग आणले, मला जोडले आणि बस चालवायचा खेळ घातला. ब्रेकसुद्धा हातानेच लागत होता, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्नच मिटला.

आबा बनियनवर खेळायला बसत नसत बरे का! धुतलेला शर्ट घालायचे, केस विंचरायचे, मगच स्टिअरिंगला हात. प्रवासी चढल्याशिवाय बस हलवायचे नाहीत. त्यांना बघून मलाही तरुण झाल्यासारखे वाटायचे.

पुढे सलोनीने एका हौशी मुलाने बनवलेला कोकणातल्या घाटाचा नकाशा खेळात घातला. झाडी, दरी, वळणे, अगदी खरी. आबा मूळचे तिकडचेच, हरखून गेले. पण घाटात एक अवघड वळण होते. तिथे बस आली की चित्र क्षणभर थिजायचे आणि मग एकदम पुढे उडी मारायचे. तोवर बस दरीत! चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा बस दरीत.

आबांनी हात मांडीवर ठेवले आणि ते सलोनीच्या आजीला म्हणाले, "रखमा, माजो हात गेलो गो. आता जमूचा नाय."

त्यांनी स्टिअरिंग पिशवीत घालून खाटेखाली सरकवले. मित्रांनो, मला ओरडून सांगावेसे वाटले की दोष तुमचा नाही, माझा आहे. पण डब्याला कुठले तोंड? सलोनीने स्वतः बस चालवून पाहिली. तीही तिथेच दरीत गेली.

"आबा, बघितलंत? तुमचा हात नाही, हा डबा अडतोय."

"माका बरां वाटूक मुद्दाम पाडलंस तू," आबा म्हणाले आणि तोंड फिरवून झोपले.

आता मला ठीकठाक करण्याशिवाय उपाय नव्हता. निलेशने दिवाळीच्या बोनसमधून ठरावीक रक्कम देऊ केली. त्यापलीकडे रुपया नाही. आणि त्यानंतरही बस अडली असती, तर आपला हातच गेला अशी आबांची कायमची खात्री झाली असती. संधी एकच होती.

निलेशला मात्र वेगळाच उत्साह चढला. "एकच भारी ग्राफिक्स कार्ड घेऊ, तीन पंख्यांचं, दिवे लागणारं! आणि हा डबा भंगारात देऊन काचेचा घेऊ. चार माणसांना दाखवता तरी येईल."

माझ्या पत्र्याला घाम फुटला.

सलोनी बापाशी वाद घालत बसली नाही. तिने मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा त्या भारी कार्डाच्या मापाने कापला आणि माझे झाकण उघडून आत बसवू लागली. तो निम्माच आत गेला. मग तिने बस पुन्हा त्या वळणावर नेली आणि माझ्या पोटात कोणावर किती भार पडतो ते स्क्रीनवर बघत बसली.

"बाबा, इकडे या. वळणावर रॅम गच्च भरतेय. मग सगळं त्या जुन्या हार्ड डिस्कवरून यायला लागतं आणि ती रखडते. कार्ड थोडं कमी पडतंय, पण खरी बोंब इथे आहे. सगळे पैसे कार्डावर घातले तर बस त्याच वळणावर पडेल. फक्त झकास दिवे लागून पडेल!"

"अगं, पण भारी ते भारीच ना?"

"ड्रायव्हर कितीही दांडगा असू दे, कंडक्टरने बेल दिल्याशिवाय बस हलते का? आपल्या प्रोसेसरला झेपेल एवढंच कार्ड घ्यायचं."

निलेश फुरंगटला. स्वयंपाकघरातून सीमाचा आवाज आला, "शेगडी छोटी आणि पातेलं लग्नाचं आणलं तर भात शिजेल का, अहो? ती म्हणतेय तसं करा."

घरात सीमाच्या शब्दापुढे अपील नव्हते. आधी रॅम आली, मग जुन्या हार्ड डिस्कच्या जागी चपळ एसएसडी. माझा पॉवर सप्लाय इतका थकला होता की नवे कार्ड आले असते तर त्याने हात वर केले असते, म्हणून तोही बदलला. शेवटी उरलेल्या पैशांत एक मध्यम, गुणी कार्ड आले आणि माझ्या पोटात अलगद बसले. सलोनीने ब्रशने धूळ काढली, पंख्यातून मूठभर अक्षता निघाल्या. फुलाफुलांचे कापड गेले आणि मी मोकळा श्वास घेतला. मी भंगारात गेलो नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

रविवारी सगळे जमले, पण आबा खाटेवरून उठेनात. तेव्हा रखमाआजीने त्यांच्या खुर्चीमागे स्टूल ओढले, मांडीवर पिशवी घेतली आणि बसली.

"माका गावाक जावचां हा. गाडी काढा."

प्रवासी बसल्यावर आबा काय करणार? उठले, शर्ट घातला, केस विंचरले. बस निघाली. घाट लागला. ते वळण आले तसा मी सगळा जीव एकवटला. आबांनी गती कमी केली, स्टिअरिंग फिरवले आणि बस लोण्यातून सुरी जावी तशी वळली. निलेशने टाळी वाजवली. आबांचा मात्र अजून विश्वास बसत नव्हता.

घाट संपला, सरळ रस्ता लागला. दोन्ही बाजूंना काजूची झाडे. "रखमा, बघलंस काय ते काजी!" म्हणत आबा मागे वळले आणि बस धाडकन मैलाच्या दगडावर आदळली.

सलोनीने तोंडावर हात ठेवला. मीही हबकलो.

आबा स्क्रीनकडे बघत राहिले आणि मग गदागदा हसू लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "ही चूक माजी! मी मागे वळान बघलंय म्हणान आपटली. हात शाबूत आसत माजे!"

"मगे तिकिटाचे पैशे परत देवा," रखमाआजी म्हणाली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आमची धूळ झाडत जा, आम्हाला थोडी हवा द्या आणि एकाचेच लाड न करता सगळ्यांना सारखे बघा. पण घरातले म्हातारे माणूस कुठे अडखळले, तर ‘आता वय झालं’ असे लगेच म्हणू नका. आधी आमचे झाकण उघडून बघा. आमच्या चुकांचा भार त्यांच्या माथी नको. त्यांना त्यांच्या स्वतःच्या चुका करू द्या.