मागचा फर्मा

आमच्या गिटारच्या कारखान्यात चालू फर्मा नेहमी खिळ्यावर सगळ्यात मागे टांगलेला असतो. फर्मा म्हणजे पातळ प्लायवूडचा साचा. तो गिटारच्या वरच्या फळीच्या पाठीवर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची आणि त्या रेघांवर आतल्या पट्ट्या सरसाने चिकटवायच्या. या पट्ट्यांना आम्ही फासळ्या म्हणतो. फळीला तारांचा ताण सोसायची ताकद त्याच देतात.

मागे टांगायची पद्धत फासळ्यांच्या बाकावरच्या मिस्त्रींची. पुढचा फर्मा काढून कुणीही त्यावर चहाचा कप ठेवतं, कुणी त्याने माशा मारतं. "कामाचं माणूस मागे आणि मिरवणारं पुढे. सगळीकडे असंच असतं," असं ते मालकांच्या केबिनकडे बघत म्हणायचे. एकतीस वर्षं ते न बघता फर्म्यांच्या मागे हात घालत आले होते.

मी भांडारात बसतो. लाकूड, सरस, तारा, फर्मे, काय आलं आणि कुणाकडे गेलं ते सगळं लिहितो. म्हणून मला सगळे वहीवाले म्हणतात. माणसांच्या नोंदी मी डोक्यात ठेवतो. त्याला कागद लागत नाही.

तर मालकांच्या सूनबाईंनी नवी गिटार आखली. बाहेरचा आकार तोच, पण पोट उथळ, वरची फळी तीन मिलिमीटरवरून जेमतेम अडीचवर, आणि मधलं गोल तोंड बोटभर लहान. फळी पातळ, म्हणून फासळ्यांची फुली अंगठाभर खाली सरकवून घोडीच्या जवळ घेतली होती. घोडी म्हणजे जिथे तारा अडकवतात ती पट्टी, सगळा ताण तिथेच येतो. हिशेब चोख होता. एक बदललं की दुसरं बदलायलाच हवं, असा.

मालकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "पहिले चोवीस नग सोमवारी संगीतशाळेत जाणार. पसंत पडले तर ठीक. नाहीतर वरच्या फळ्या बाहेरून तयार मागवायच्या आणि फासळ्यांचा बाक बंद."

बाक म्हणजे मिस्त्री. त्यांच्या हाताखालचे दोघे कधीच दुसरीकडे गेले होते. मिस्त्रींना दुसरं काम येत नव्हतं आणि शिकायचं वय राहिलं नव्हतं. त्यांची बायको पलीकडच्या खोलीत तारा चढवायची. तिने त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

नवा फर्मा घेऊन सूनबाई स्वतः आल्या. मी वहीत लिहिलं, 'नवा फर्मा एक, मिस्त्रींकडे.' मिस्त्री दुपारी सही करून गेले, नेहमीसारखी, मजकूर न वाचता. सूनबाईंनी फर्मा खिळ्यावर टांगला. सगळ्यात पुढे. दोन पावलं मागे येऊन पाहिलं, वाकडा वाटला म्हणून सरळ केला, आणि जाताना म्हणाल्या, "मिस्त्री, नवा फर्मा खिळ्यावर लावलाय हं."

"बरं ताई," मिस्त्री पटाशीला धार लावता लावता म्हणाले.

भांडाराच्या खिडकीतून मला खिळा दिसतो. मी मनात म्हटलं, उद्या मिस्त्री शिकलेल्या सुनेला धडा देतील, जरा करमणूक होईल. सकाळी मिस्त्रींनी मागे हात घातला आणि शेवटचा फर्मा काढला. जुना. फळीची मधली रेघ आणि खालची कड जुळवली की काम सुरू, आणि कड तर दोन्हींची सारखीच. फरक अंगठ्याएवढा. मला वाटलं, सरस लावताना लक्षात येईल. नाही आलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर चूक त्यांची होती. तिसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर माझी. म्हणून मी तिसऱ्या दिवशी तारांचे जुडगे मोजले. ते बरोबर भरले.

शनिवारी दुपारी मिस्त्रींची बायको माझ्या खिडकीशी आली. "वहीवाले, तो छोटा आरसा द्या. आणि बॅटरी."

"काय झालं?"

"काही नाही. द्या."

तिने आदल्या दिवशी तारा चढवलेल्या गिटारवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली होती. घोडीच्या मागे फळी फुगली होती, पुढे बसली होती. आरसा आत घालून ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मग नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा इकडे या. हातातलं ठेवून या."

मिस्त्रींनी आत पाहिलं. पट्टी ठेवून पाहिली. दुसरी गिटार, तिसरी. मग खिळ्याजवळ जाऊन पुढचा फर्मा काढला, मागच्यावर ठेवला, आणि दोन्हींच्या रेघांमधलं अंतर अंगठ्याने मोजलं.

"मी मागचाच घेतला होता," ते म्हणाले. मग कुणी न विचारताच पुन्हा म्हणाले, "मागचाच घेतला होता."

रविवारी कारखाना बंद असतो. किल्ल्या माझ्याकडे. सकाळी सातला दोघं नवराबायको दारात उभी होती. फळी आता काढता येत नव्हती. एकच उपाय होता. सगळ्या तारा सैल करायच्या, तोंडातून हात घालून घोडीखाली आतून एक जाड पट्टी चिकटवायची.

मिस्त्रींचा हात तोंडात शिरेना. जुन्या गिटारमध्ये तो मनगटापर्यंत जायचा, इथे पेरांशीच अडला. त्यांनी साबण लावला. तेल लावलं. जोर केला तेव्हा लाकूड करकरलं आणि पेरांवरची साल निघाली.

"सरका," बायको म्हणाली.

"तुला जमणार नाही."

"तुम्हाला तरी कुठे जमतंय?"

तिचा हात गेला. मिस्त्री डोळे मिटून, स्वतःच्या मांडीवर बोट फिरवत सांगू लागले. "खाली. अजून खाली. आता डावीकडे."

"कुणाच्या डावीकडे? तुमच्या का माझ्या?"

"गिटारच्या."

"थांबा, तिला विचारते."

एवढाच काय तो विनोद झाला त्या दिवशी. दहा वाजेपर्यंत तीन नग झाले होते, आणि तिचं मनगट तोंडाच्या कडेला घासून लाल झालं होतं.

अकराच्या सुमारास सूनबाई आल्या, नव्या गिटारींचे फोटो काढायला. समोर त्यांच्या गिटारमध्ये मिस्त्रींच्या बायकोचा हात जवळजवळ कोपरापर्यंत गेलेला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "पण मागचा चालू असतो हे मला कोण सांगणार होतं?"

"भिंतीला माहीत होतं," मिस्त्री म्हणाले. "मला वाटलं, सगळ्यांना असेल."

"मी पुढे लावला. दिसावा म्हणून."

"हो ना. दिसावं म्हणूनच पुढे लावतात, ताई."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. मी सरसाचं भांडं गरम ठेवत होतो आणि ते काम मी फार मन लावून करत होतो.

सूनबाईंनी घड्याळ काढलं, बाही वर केली, आणि दुसऱ्या गिटारमध्ये हात घातला. हे भोक बोटभर लहान करायचं ज्या हाताने आखलं, तोच हात आता त्यात अडकत होता. मिस्त्री दोघींच्या मधोमध उभे राहून कधी हिला, कधी तिला सांगत होते. खाली, अजून, दाबून धर, सोडू नको. शेवटी शेवटी ते सूनबाईंनाही अगं म्हणायला लागले, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पाचपर्यंत एकोणीस नग झाले. उरलेल्या पाचांच्या फळ्यांना चिरा होत्या.

तेव्हा मिस्त्रींनी पहिली गिटार उचलली आणि फळीवर मधल्या बोटाच्या पेराने टकटक केलं. हे ते नेहमी करत. चांगली फळी घुमते, जरा वेळ बोलत राहते. ही बोलली नाही, आतली जाड पट्टी तिला बोलू देत नव्हती. भरलेल्या ट्रंकेवर वाजवावं तसं झालं. दुसरी, तिसरी. सातवीनंतर ते थांबले.

"सरस ओला आहे अजून," बायको म्हणाली.

"हो," मिस्त्री म्हणाले. ती कशाला बोलली ते त्यांना कळलं होतं.

सोमवारी मालक आले. ते स्वतः या बाकावर वाढलेले. त्यांनीही पेराने वाजवून पाहिलं. एकदा, दोनदा. मग गिटार खाली ठेवली.

"बाबा, फर्मा मी टांगला होता," सूनबाई म्हणाल्या. "पुढे."

"टांगलास. घेतला कुणी?" मालकांनी माझ्याकडे हात केला. "वही."

मी वही दिली. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. नवा फर्मा एक, मिस्त्रींकडे. खाली सही.

"सही माझीच," मिस्त्री म्हणाले.

"मालक," मी म्हटलं, "एक सांगायचं होतं, त्या दिवशी मी खिडकीतून..."

"तुमची नोंद बरोबर आहे," मालक वही मिटत म्हणाले. "या सगळ्यात तेवढीच एक गोष्ट बरोबर झाली आहे."

आणि मी गप्प बसलो. माणूस शिव्यांनी गप्प होत नाही इतका शाबासकीने होतो.

पंधरवड्यात बाकाचे स्क्रू काढले. तयार फळ्या खोक्यांतून येतात, फासळ्या लावलेल्या, सगळ्या एकसारख्या. मिस्त्री आता पॅकिंगला आहेत. खोकं बंद करण्याआधी ते प्रत्येक गिटारवर एकदा टकटक करतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "धूळ झटकतो."

वर्षअखेर मला फर्मे भंगारात काढायचे होते. भंगाराच्या पानावर 'कारण' असा एक रकाना असतो. जुन्या फर्म्यापुढे मी 'बाक बंद' लिहिलं. नव्याचा रकाना तीन दिवस रिकामा ठेवला. मग लिहिलं, 'पुढे टांगलेला मी पाहिला होता. सांगितलं नाही.' खाली माझी सही केली. तो रकाना कुणी वाचत नाही, मालकही नाही, म्हणूनच धीर झाला असावा.

मिस्त्रींची बायको तारा न्यायला आली. सही करायला मी वही फिरवली, आणि पान उलटायला विसरलो. की विसरलो नाही, ते मलाच नीट सांगता येणार नाही. तिने वाचलं. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मनगटावर तो व्रण अजून होता.

"आपलं ठेवायचं झाकून," ती म्हणाली, आणि म्हण अर्धीच सोडली.

मग पान स्वतःच उलटलं, बारा जुडगे मोजून घेतले, सही केली.

"यांना दाखवू नका," ती म्हणाली. "त्यांना अजून वाटतं, चूक त्यांची एकट्याची होती. कुणी बघत होतं हे कळलं तर या दारात पाऊल टाकायचे नाहीत. एकट्याची आहे तोवर रोज उठून कामाला तरी येतात."