सांजचा फोन

अजिनाथनं आईला लई जपलं, असं सगळी वस्ती म्हनती. जपलं म्हनं! म्या रंगुआक्काची चुलत जाऊ, भिंतीला भिंत लागून ऱ्हाते. मला नका सांगू.

करोना आधी आक्काला झाला. तिचे मालक काकासाहेब नको नको म्हनत असताना हट्टानं श्रीरामपूरला भाचीच्या साखरपुड्याला गेल्ती. मग त्यास्नी बी झाला. आक्का पडवीच्या खोलीत, त्ये दवाखान्यात. तिथंच गेले. घरी आनलंच न्हाई.

अजिनाथनं मोबाईलवर कुनाचं तरी ऐकलं हुतं, म्हाताऱ्या मान्सांना वाईट बातमी देऊ नका, त्यांचं मन आनंदी ठेवा. झालं! बापानं दवाखान्यातनं एकदा मोबाईलवर आवाज भरून पाठवला हुता, "रंगू, मी बरा हाय. जेवून घे." रोज सांजच्याला त्येच ह्यो दारात हुभा राहून लावायचा, दादांचा, म्हंजी बापाचा, फोन आलाय म्हनून. आन् सुकन्या, त्याची बायकू, खिडकीतनं सासूला कुंकवाची डबी द्यायची. कसा धजला गं बाई तुझा हात?

आक्का आतनं हात जोडायची. माझ्यामुळं झालं, चुकलं माझं, एकदा रागवा तरी म्हनायची. तिकडनं तेवढंच बोलनं, आन् बंद. मालकानं आपल्यावर राग धरलाय, असं तिनं मनात घेतलं. भाकर सुटली. अजिनाथ म्हनायचा, आजाराचा अशक्तपना हाय.

म्या त्याला झाप झाप झापलं. तर म्हनला, काकी, तुम्ही सांगितलं आन् आईचं काय झालं, तर तुमच्यावर येईल.

भरलं ताट परत यायला लागलं तवा माझं डोकं सटकलं. फोनच्या आधीच जाऊन सांगून टाकलं. अजिनाथ पळत आला, पर उशीर झाल्ता.

आक्काच्या तोंडावर हायसं दिसलं, देवाशप्पथ.

"म्हंजी ह्ये माझ्यावर रुसले न्हवते."

पदरानं तिनं कपाळ पुसलं. अजिनाथ मला म्हनतो, बघा, सोसलं का न्हाई? हळूहळू मन घट्ट केलं हुतं म्या तिचं.

आक्कानं त्याच्याकडं बघितलं.

"म्या रोज माफी मागत हुते. तू हितं हुभा राहून ऐकत हुतास?"

अजिनाथनं मोबाईल खिशात घातला. आक्कानं आतनं कडी घातली.

माझ्या हातची भाकर ती खिडकीतनं घेते, खाते. सांजच्याला अजिनाथ दारात येऊन चुकलं म्हनतो. आक्का उत्तर देत न्हाई.