शेवटची गाठ

पोळ्याच्या सकाळपासून मंदाबाईच्या ओसरीवर पाला पडलेला होता. निंबाचे डहाळे, निरगुडी, पळसाची पानं. दिघोरीतल्या त्यांच्या मोहल्ल्यात घरोघरच्या जुड्या तिच्याच हातच्या असत. संध्याकाळी जुडी दाराला लावायची, घरातली पीडा तिच्यात गोळा होऊ द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गावाच्या शिवेबाहेर फेकून यायची. शेवटची गाठ मात्र ज्याच्या त्याच्या घरच्या माणसाने मारायची. मारताना जे घरातून जायला हवं त्याचं नाव मनात घ्यायचं.

या वर्षी घरोघरच्या पोरीच गाठ मारायला आल्या होत्या. मंदाबाई त्यांना शिकवत होती. निंब मधे, कारण त्याची काडी ताठ असते. निरगुडी भोवती. पळसाचं पान बाहेरून, म्हणजे पाला गळत नाही. बांधायला पळसाच्या मुळाच्या सालीचा वाक तिने भिजवून ठेवला होता. एखादीची गाठ सुटली की ती सगळी जुडी मोकळी करायची आणि पहिल्यापासून दाखवायची. ती रागावत नसे. रागवायलाही बळ लागतं, आणि तिचं बळ आतल्या खोलीत संपत होतं.

आत खाटेवर तिचा नवरा सोमाजी होता. गेल्या दिवाळीत त्याची उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्याला भरवणं, पुसणं, कूस बदलणं तिच्याकडेच. रात्री तो हाक मारायचा, ती उठायची. नीट झोप म्हणजे काय ते ती विसरली होती.

शेजारच्या हेमराजच्या उर्वशीने मोठ्याने सांगत जुडीत भावाचा खोकला टाकला आणि त्याच्यासोबत गणितही. पोरी हसल्या. मंदाबाईने तिला सांगितलं की खोकला जाईल, पण गणिताला शीव नसते, ते फिरून घरी येतं.

दुपारपर्यंत सगळ्या जुड्या गेल्या. राहिली ती मंदाबाईची. पाला लावून झाला होता, वाक गुंडाळून झाला होता. पण गाठ मारायला गेली की मनात सोमाजीचं दुखणं येईना. सोमाजीच येई. सुटावं आता एकदाचं, असं येई. मग ती जुडी खाली ठेवायची. गाठ मारताना जे मनात येईल ते जातं, असं तिनेच सकाळी पोरींना सांगितलं होतं.

उर्वशी उरलेला पाला गोळा करत होती. तिने विचारलं, "आजी, तुयी काहून नाही बांधली?"

हात दुखतात, बांधते मग, असं सांगून मंदाबाईने तिला घरी पाठवलं.

आतून सोमाजीने हाक मारली. त्याचे शब्द आता ओढत यायचे. जुडी इकडे आण म्हणाला. ती खाटेच्या कडेला बसली. त्याने जुडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मले टाकून रायली का वो तिच्यात?"

मंदाबाईला नाही म्हणता आलं नाही. ती म्हणाली, "तुमी मावता का जी तिच्यात?"

सोमाजीचं अर्धं तोंड हसलं. त्याने डावा हात पुढे केला आणि वाकाचं एक टोक मागितलं. तिने दिलं. काय टाकायचं ते मात्र तिला सुचत नव्हतं. मनात येईल त्याची तिला भीती वाटत होती, आणि तसं तिने सांगितलंही.

"मंग मी सांगतो," तो म्हणाला. "तुयं रातचं उठणं टाक."

तिने आपलं टोक ओढलं. त्याच्या बोटांतून वाक निसटला. तिने तो त्याच्या बोटाला वेढा देऊन पुन्हा धरायला लावला, जसं सकाळी लहान पोरींना लावलं होतं, आणि गाठ बसली.

पहाटे मोहल्ल्यातल्या बायकापोरांबरोबर तीही शिवेपर्यंत गेली. सगळ्यांनी आरोळी ठोकली. तिने आवाज न करता जुडी फेकली. परत येताना तलावाच्या पाळीवर ती थोडी टेकली. रात्री तिला नेहमीसारखंच उठावं लागलं होतं.

घरी आली तर सोमाजी जागा होता आणि चादर ओली होती.

"रातभर जुडी दारातच होती नं," तो म्हणाला. "आजपासून लागू होईल."

तिने कोरडी चादर आणली, त्याला कुशीवर वळवलं आणि चादरीचं एक टोक त्याच्या डाव्या हातात दिलं.

"धरा."

त्याने धरलं.